हंगाम संपू दे, मग जाईन

पेण मागे टाकून बस अलिबागच्या रस्त्याला लागली की फाल्गुनात दोन्ही बाजूंना मांडव दिसायला लागतात. चार बांबू, वर झावळ्यांची सावली आणि आडव्या बांबूला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. मुंबईकडच्या गाड्या थांबतात, काचा खाली होतात, बायका माळ हातात घेऊन उगाच खालीवर करून बघतात. उन्हात ते कांदे आतून उजेड असल्यासारखे दिसतात. दरवर्षी पहिला मांडव दिसला की मला घरी पोचल्यासारखं वाटायचं, गाव अजून बरंच लांब असलं तरी.

यंदा मला तिकडे बघवेना. मी खिडकीजवळून उठून आतल्या बाजूला बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बस लागते का हो तुम्हाला?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

दोन दिवसांपूर्वी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पनवेलला फोन आला होता. "माळा करायला कुनी न्हाय. तुझ्या आईची बोटं आता वळत न्हायत. सुट्टी मिळंल तर बघ." आप्पांनी आजवर कधी मला सुट्टी घे म्हटलं नव्हतं. बोलून झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मला कळलं, माळा करायला गावातली कुणीही बाई मिळाली असती. त्यांना घरात माणूस हवं होतं. द्वारका आत्या गेल्यानंतरचा हा पहिला कांदा.

आमच्या घराचं वर्ष दोन भागांत वाटलेलं. पावसाळ्यातलं भात सगळ्यांचं आणि थंडीतला कांदा आत्याचा. भात कापून झालं, जमिनीत ओल शिल्लक आहे तोवर ती वाफे पाडायची, बोटभर रोपं एकेक करून लावायची. साडी वर खोचलेली, डोक्याला पंचा, आणि पाठ अशी वाकलेली की लांबून बघणाऱ्याला वाटावं, शेतात काहीतरी ठेवून दिलंय. मग माघ सरता सरता कांदा निघायचा. पातीसकट दोन-चार दिवस सावलीत पसरून ठेवायचा आणि पात अर्धवट सुकली की माळा करायच्या. पात फार वाळली तर तुटते म्हणून हे काम पहाटेच्या दवात. आईची अंगणवाडी, तिच्या तालुक्याच्या मीटिंगा. त्यामुळे मी लहानपणापासून आत्याच्या गोधडीतली. ती उठली की गोधडीतली ऊब जायची आणि मी डोळे चोळत तिच्यामागे शेतावर.

ती गोणपाटावर पाय पसरून बसायची. मांडीवर पातींची वेणी वाढत जायची, मोठे कांदे वर, लहान खाली. बोलायची कमी. मध्येच एखादा कांदा मुठीनं फोडून माझ्या हातावर ठेवायची. तांदळाच्या भाकरीत भाजलेला जवळा गुंडाळलेला असायचा. त्यावर तो गोड, पाणीदार कांदा. आंब्याचा मोहर, धुकं, लांबून येणारा खाडीचा वास आणि आत्याच्या हातांना लागलेला पातीचा हिरवा दर्प. तो दर्प तिला कायमचा होता. दिवाळीला उटणं लावलं तरी खालून तोच यायचा. मी तिला एकदा तसं म्हटलं तर तिनं स्वतःचे तळवे हुंगले आणि म्हणाली, "मना तर येत न्हाय गो. मना मीच कशी येईन?"

आत्याचं लग्न विशीच्या आत झालं होतं, पेणच्या बाजूला. दोन-तीन वर्षांत ती परत आली. कारण मला कुणी नीट सांगितलं नाही. मूल झालं नाही, त्यानं दुसरी आणली, एवढं इकडून तिकडून कानावर आलं. आजी-आजोबा होते तोवर ती लेक म्हणून राहिली, पुढे बहीण म्हणून, नंतर माझी आत्या म्हणून. स्वतःची अशी वेगळी जागा तिला घरात लागली नाही, किंवा आम्हांला ती लागते असं वाटलं नाही. तो पहिला नवरा वारल्याचा निरोप आला तेव्हा ती रोपं लावत होती. बांधावर उभं राहून कुणीतरी सांगितलं. तिनं विचारलं, "कवा?" त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि हातातलं रोप मातीत दाबलं. त्या ओळीतली बाकीची रोपंही तिनं लावली, मग विहिरीवर जाऊन हातपाय धुतले आणि घरी आली.

रस्त्यावरच्या मांडवात आप्पा बसायचे. आत्याला गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं आवडायचं नाही. हंगामाच्या शेवटाला ती माळांचे भारे बांधून एसटीनं निघायची. चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याच्या धक्क्यावर आणि तिथून लाँचनं खाडी ओलांडून दिघीला. तिकडच्या बायका तिची वाट बघत असत. वर्षातला तिचा प्रवास एवढाच. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसायची. आई म्हणायची, "कांदे विकायला चाललीय की लग्नाला?" आणि आत्या तोंडावर हात धरून हसायची. पुढच्या दोन दातांत फट होती, ती दिसू नये म्हणून.

कॉलेजात असताना एका वर्षी मी तिच्याबरोबर गेले. धक्क्यावर उतरलो तर लाँचवरचा एक खलाशी आधीच पुढे आला. पन्नाशीचा असेल, केस पिकलेले, रापलेला, खांद्यावर पंचा.

"यंदा उशीर झाला," तो म्हणाला.

"थंडी कुठं पडली? कांदा भरला न्हाय येळंवर."

"मना वाटलं, येत न्हायस."

आत्यानं भारे खाली ठेवले. त्यानं माझ्याकडे बघितलं. "ही कोन?"

"भावाची पोर. अलिबागला कॉलेजात हाय."

लाँचची फळी ओली होती. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून तिथे अंथरला आणि मग भारे उचलून एकेक करून त्याच्यावर ठेवले, दोन्ही हात खालून लावून. माझं लक्ष आहे हे बघून मलाच सांगितलं, "खारं पानी लागलं तर कांदा सडतो." त्याचं नाव सदाशिव. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, हे मला नंतर कळलं.

परत येताना आत्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. काशीदला समुद्र दिसला, सूर्य खाली आला होता. तेव्हा तिनं विचारलं, "तुना कसा वाटला तो?"

"कोण?"

"न्हाय, काय न्हाय," ती म्हणाली आणि पदर सारखा करून डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

पुढच्या वर्षीच्या हंगामात, एका पहाटे, मांडीवरची वेणी न थांबवता ती मला म्हणाली, "मी लगीन करतंय."

धुकं इतकं होतं की शेजारचा वाफाही दिसत नव्हता. कुणाशी, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, "आप्पांना सांगितलंस?"

"आज सांगनार. तुना आधी सांगितलं. कुनाचं तरी 'बरं' घेऊन मग दादापुढं जायचं होतं."

मी म्हटलं, "बरं."

तिनं पात ओढून घट्ट केली. डोळ्यांत पाणी होतं की धुक्याचं दव, कुणास ठाऊक. मी निरखून बघितलं नाही.

दुपारी जेवताना तिनं सांगितलं. मोजकं बोलली. आईचा हात भाकरीवर थांबला. आप्पा जेवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं ते हे: "कांदा कोन बघनार?"

"म्हनून तर आता न्हाय जात," आत्या म्हणाली. "हंगाम संपू दे, मग जाईन."

आप्पांनी ताटात हात धुतला. उठताना आईकडे बघून, पण आत्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "इतकी वर्षं मी हिला काय कमी केलं ते विचार."

"काय कमी न्हाय केलंस, दादा," आत्या म्हणाली. "कमी पडलं म्हनून जात न्हाय मी."

आप्पांना ते समजलं नाही. मलाही तेव्हा पुरतं समजलं नव्हतं. सगळं मिळतंय, कुणी वाईट बोलत नाही, तरी माणसाला जावंसं वाटतं, हे समजायला आपलंही थोडं आयुष्य जावं लागतं. गावाला काय, बोलायला विषय झाला. तिचं वय लग्नाचं नव्हतं आणि त्यांची जात आमची नव्हती. लोकांना दोन्हींतलं काय जास्त खुपलं ते मला आजही सांगता येणार नाही.

तो हंगाम मी विसरू शकत नाही. आप्पा तिच्याशी बोलेनासे झाले. ते कांदा उपटत, ती माळा करी. एकाच शेतात, हाकेच्या अंतरावर, पण निरोप आईच्या किंवा माझ्या तोंडून. "विचार तिला, उद्या खालचा वाफा काढायचा का." आणि ती समोरच ऐकत असायची, मला म्हणायची, "सांग, काढायला हरकत न्हाय." चुलीवरचं पाणी आप्पांच्या अंघोळीला तीच उतरवून ठेवायची आणि ते मुकाट्यानं घ्यायचे. कांदा मात्र त्या वर्षी सुरेख आला होता. मोठा, घट्ट, एकसारखा. आत्यानं त्या वर्षी माळा नेहमीपेक्षा सावकाश केल्या असं मला वाटलं. कदाचित मलाच तो हंगाम संपू नये असं वाटत असेल.

पण संपला. शेवटच्या दिवशी तिनं वर्षभराच्या माळा घरात आढ्याला टांगल्या, पुढच्या वर्षीचं बी कुठे ठेवलंय ते आईला दाखवलं, खळं झाडून काढलं. मग न्हाली. ठेवणीतली साडी नेसली. मी बरोबर जाणार होते, रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून. बसथांबा आप्पांच्या मांडवासमोरच. ती मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली. आप्पा एका गिऱ्हाइकाला माळ दाखवत होते. ते गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. आप्पांनी मान वर केली नाही. बस आली तशी ती वाकली, मांडवाच्या जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि चढली.

बस सुटली. मी मागच्या काचेतून बघत होते. आप्पा मांडवाबाहेर आले होते, रस्त्याच्या अगदी मधोमध. मागून गाडी हॉर्न देत होती तरी ते हलले नाहीत.

"आत्या, आप्पा बघतायत," मी म्हटलं.

तिनं मान वळवली नाही. "बघू दे," म्हणाली. माझा हात मात्र तिनं मुरूडपर्यंत सोडला नाही.

दिघीला खाडीच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं. दारात शेवगा, मागे जाळी वाळत घातलेली. मी कधी आईबरोबर, कधी एकटी, सुट्टी मिळेल तशी जात राहिले. पहिल्यांदा गेले तेव्हा आत्या खुर्चीत बसली होती. माझ्या आठवणीत ती जमिनीवर असायची नाहीतर उभी. खुर्चीत बसलेली आत्या मी आधी कधी पाहिलीच नव्हती. आतून सदाशिवरावांनी चहा आणला, तिघांना. आत्या कप घेऊन म्हणाली, "रोज सकाळी करून देतो. पयल्यांदा दिला तवा मना पिववेना गो. मी रडले. तो बिचारा म्हनतो, साखर कमी झाली का?" आणि ती हसली, हात तोंडावर न नेता. ते दोन दातांतलं अंतर मी इतक्या वर्षांत प्रथमच नीट बघितलं.

तिथे अंगणात तिनं पांढरा कांदा लावून बघितला. पात छान आली, कांदा काही धरला नाही. "माती येगली हाय," ती म्हणाली, आणि त्या पातीची भाजी करून आम्हांला वाढली.

आत्याचा फोन आप्पांनी उचलला तर "तुझा फोन हाय" म्हणून तो आईकडे द्यायचे. मी दिघीला निघाले की मात्र माझ्या पिशवीशेजारी एक माळ ठेवलेली असायची. कुणी ठेवली हे कुणी म्हणायचं नाही. पहिल्या वर्षी आत्यानं ती माळ हातात घेतली, पातीवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "दादानं केलीय. किती आवळतो, पात तुटंल ना अशानं." ती पुन्हा सैल करून वळायला तिला सहज जमलं असतं. तिनं तशीच आढ्याला टांगली. अशी बरीच वर्षं गेली. दोघंही एकमेकांची चौकशी माझ्याकडे करत. आप्पा विचारायचे, "तिकडं पाऊस कसा हाय?" आत्या विचारायची, "दादाचा खोकला?" त्यांना पावसाशी आणि खोकल्याशी काय देणंघेणं होतं हे मला माहीत होतं. दोघांना एका ठिकाणी आणून बसवावं असं फार वाटायचं. पण आमच्या घरात माणसं अबोला धरतात तोही मेहनतीनं, वर्षानुवर्षं, शेतासारखा राखतात.

गेल्या होळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडांचं दुखणं निघालं. अलिबागच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी रजा काढून तिच्याजवळ होते. एका दुपारी दाराशी आप्पा दिसले. मांडवातून उठून तसेच आले असावेत, सदऱ्याला कांद्याची टरफलं चिकटली होती. सदाशिवराव उठले, स्टूल पुढे केलं आणि बाहेर निघून गेले.

आप्पा बसले. मग आत्यानंच विचारलं, "जेवलास?"

"व्हय."

"बी राखलंस ना यंदा?"

"राखलंय."

"वैनीची बोटं?"

"न्हाय वळत."

आप्पा खाली बघत म्हणाले, "द्वारका, घरी चल. मी नेतो तुना. हिथून थेट."

आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं, ती हो म्हणेल. इतकी वर्षं ती त्या एका वाक्याची वाट बघत होती असं मी धरून चालले होते. तिनं सलाइनची सुई लावलेल्या हातानं आप्पांच्या सदऱ्यावरचं टरफल काढलं. म्हणाली, "माझं घर तिकडं हाय, दादा. तिकडंच जानार मी." मग थोड्या वेळानं, "पन म्हनलास ते बरं केलंस."

आप्पा रडले नाहीत. उठले, बाहेर गेले. व्हरांड्यात सदाशिवराव उभे होते, त्यांच्याजवळ क्षणभर थांबले, काहीतरी बोलायचं असल्यासारखे, आणि तसेच जिना उतरून गेले.

श्रावणाच्या शेवटाला, सकाळीच सदाशिवरावांचा फोन आला, आत्या गेली म्हणून. मी गावातच होते. गाडी करून आम्ही तिघं निघालो. आगरदांड्याला पोचलो तर समुद्र खवळलेला, वारा असा की दार उघडवेना. बोटी बांधून ठेवलेल्या. आता तिथे गाड्या नेणारी मोठी फेरीबोट आहे, तीही बंद. पलीकडे, पावसाचा पडदा हलला की दिघीचा डोंगर दिसत होता. घरं दिसत होती. आप्पा धक्क्याच्या टोकाला गेले. छत्री उलटी झाली, तरी तशीच धरून उभे. एका माणसाला त्यांनी विचारलं, लहान होडी कुणी सोडेल का. तो म्हणाला, "आज कोन सोडनार, बाबा? रस्त्यानं फिरून जा."

फिरून म्हणजे परत मुरूड, मग रोहा, तळा, म्हसळा. जे पलीकडे दिसतंय तिथे जायला त्याच्याकडे पाठ करून तालुक्यांमागून तालुके ओलांडायचे. रस्त्यात झाडं पडलेली. आईनं डोळ्यांना पदर लावलेला. आप्पा पूर्ण वाटेत एकदाच बोलले. "थांबतील का?" आम्हां दोघींनाही ते माहीत नव्हतं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पोचलो. अंगणात ताडपत्री बांधलेली, खाली माणसं ताटकळलेली. आम्ही यायच्या आधीचं सगळं मला शेजारणीनं सांगितलं. लोक दुपारपासून म्हणत होते, पाऊस आहे, अंधार पडेल, नेऊ या. सदाशिवराव दारातून हलले नव्हते. "तिचा दादा येतोय," एवढंच म्हणत राहिले.

आप्पा पायरीशी आले. चप्पल काढायला वाकले. भिजून बंद आवळला होता, निघेना. सदाशिवराव खाली बसले आणि त्यांनी दोन्ही पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग आप्पांच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं. तोवर दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता. आत आत्या पांढऱ्या चादरीखाली इतकी लहान दिसत होती की आप्पांनी मागे वळून विचारलं, "हीच का?"

दिवसकार्य आटोपून मी कामावर रुजू झाले. कोण गेलं, असं लोकांनी विचारलं. आत्या म्हटल्यावर त्यांचे चेहरे थोडे सैल झाले. कोणासाठी किती दिवस दुःख करायचं याचं लोकांच्या मनात एक माप असतं. आईवडिलांचं मोठं, आत्याचं लहान. मी त्या मापात माझं दुःख बसवायचा प्रयत्न केला. दिवाळी झाली, थंडी आली, बसेनाच. बाजारात पातीचा कांदा दिसला की जुडी उचलायची, नाकाशी न्यायची आणि ठेवून द्यायची, असं मी किती वेळा केलं असेल.

तर असा यंदाचा फाल्गुन. घरी पोचले, दुसऱ्या पहाटे शेतावर गेले. गोणपाटावर बसले. पहिली माळ सगळी सुटली. दुसरी वाकडी झाली. तिसरीला बोटांना आपोआप आठवलं आणि मग मला रडू आलं. आप्पा शेजारी कांदे निवडत होते. त्यांनी निवडणं थांबवलं नाही, फक्त एकेक कांदा माझ्या हाताला येईल असा ठेवत राहिले, मोठे आधी.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सदाशिवराव आले. कुणी बोलावलं नव्हतं. आप्पांनी मांडवातून त्यांना बसमधून उतरताना पाहिलं आणि मांडव तसाच सोडून ते त्यांना घेऊन शेतावर आले. सदाशिवराव बांधावर उभे राहिले. वाफे, विहीर, आंबा, सगळं सावकाश बघितलं, ओळख पटवत असल्यासारखं.

"ती म्हनायची, कांदा निघताना एकदा चल, बघ," ते म्हणाले. "राहून गेलं."

"बसा, आतोबा," मी म्हटलं. इतक्या वर्षांत आप्पांच्या समोर मी त्यांना प्रथमच तसं म्हटलं होतं. आप्पांनी गोणपाटाची दुसरी बाजू झटकून दिली. आई चहा घेऊन आली.

चहा संपला तरी कुणी उठलं नाही. आतोबांनी एक कांदा उचलून तळहातावर ठेवला होता. आप्पांकडे न बघता त्यांनी विचारलं, "पोरगी होती तवा कशी होती ती? मना तर उतारवयातच भेटली."

आप्पांनी आत्याविषयी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते कांदे निवडत राहिले. मग म्हणाले, "भित्री. पान्याला लय भ्यायची. रेवदंड्याच्या खाडीवर तवा पूल नव्हता, तरीतून, होडीतून, जावं लागायचं. ही तरीत पाय ठेवायची न्हाय. मी पाठंवर घेऊन चढायचो. डोळे मिटून मान आवळून धरायची माझी. पल्याड उतरलो तरी सोडायची न्हाय."

आतोबांनी वर बघितलं. "कोन? ती?"

"व्हय."

"माझ्या होडीत तर टोकाला जाऊन उभी राहायची. खाली बस म्हटलं तरी ऐकायची न्हाय."

आप्पांचे हात थांबले. "उभी राहून काय करायची?"

"गायची."

आमच्या घरात आत्याला गाताना कुणीही ऐकलं नव्हतं. आई घराकडे निघाली होती, ती रिकामे कप हातात धरून तशीच थांबली. आप्पांनी पुढ्यातले कांदे बाजूला सारले आणि ते आतोबांच्या जवळ सरकून बसले.

"काय गायची?" ते म्हणाले. "म्हनून दाखवा."

आतोबा लाजले. थोडा वेळ खाडीच्या दिशेनं बघत राहिले, मग त्यांनी सुरुवात केली. त्यांना गाता येत नव्हतं. शब्द मात्र सगळे पाठ होते.